अ‍ॅक्सेसची फाइल उघडेना, आणि शनिवारी पगार आहे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. कामगारांची हजेरी, नगावरची मजुरी, उचल आणि सुताचा साठा हे सगळं अ‍ॅक्सेसच्या एकाच एमडीबी फाइलमध्ये (अ‍ॅक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा नोंदी ठेवायचा प्रोग्राम, एमडीबी हे त्याच्या फाइलच्या नावाचं टोक). फाइल ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर आहे आणि आणखी दोघे वायफायवरून त्याच फाइलमध्ये काम करतात. सोमवारी संध्याकाळी लाइट गेली, मंगळवारी सकाळपासून 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' असा मेसेज येतोय. फाइल दुरुस्त करणारं कॉम्पॅक्ट अँड रिपेअर दोनदा चालवलं, उपयोग झाला नाही. कुणी सांगितलं म्हणून फाइलच्या नावातलं एमडीबी काढून एसीसीडीबी केलं, तरी तेच. ज्याने ही सिस्टीम बांधली तो आता पुण्यात आहे आणि फोन उचलत नाही. शनिवारी पगार आहे.

मी सोलापुरात वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय. चादर-टॉवेलचे कारखाने, सूत व्यापारी, दोन-चार दवाखाने, सगळीकडे अशाच फाइली आहेत. तुम्ही विचारलंय की फाइल कशी उघडायची. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: आतल्या नोंदी शाबूत बाहेर कशा काढायच्या? फाइल पुन्हा कधीच उघडली नाही तरी चालेल. फॉर्म, रिपोर्ट, बटणं परत बांधता येतात. कामगाराची उचल किती फिटली आणि किती राहिली, ही माहिती परत बांधता येत नाही. हा फरक लक्षात ठेवला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

म्हणून सगळ्यात आधी हात थांबवा. तिन्ही कॉम्प्युटरवरचं अ‍ॅक्सेस बंद करा. ज्या मशीनवर फाइल आहे तिथला तो पूर्ण फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. नुसती फाइल घेऊ नका, फोल्डर घ्या. कारण आधी केलेल्या कॉम्पॅक्टमुळे तिथे डीबी1 किंवा डेटाबेस1 अशा नावाची, किंवा नावाच्या शेवटी बॅकअप लागलेली फाइल उरलेली असू शकते. मी दोनदा तरी अशाच उरलेल्या फाइलमधून अख्खा डेटा काढलाय. कॉपी झाली की मूळ फोल्डरला कुलूप लागलं असं समजा. यापुढचं सगळं प्रतीवर करायचं, आणि प्रत्येक प्रयोगाला नवी प्रत घ्यायची. तोवर विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू नका. डिस्क दुरुस्त करताना ते तुटलेल्या फाइलचे तुकडे कापून टाकू शकतं. कॉपी करताना मशीन अडकत असेल किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र मशीन बंद करा आणि डिस्कमधून डेटा काढणाऱ्या माणसाकडे न्या, कारण मग दुखणं अ‍ॅक्सेसचं नाही.

तुम्ही दोनदा कॉम्पॅक्ट चालवलं त्याची फार चिंता करू नका. अ‍ॅक्सेस आधी वेगळी फाइल तयार करतं आणि काम पूर्ण झालं तरच जुनीच्या जागी नवी ठेवतं. तुमच्याकडे ते अर्ध्यातच थांबलंय, म्हणजे मूळ फाइल बहुधा होती तशीच आहे. नाव बदललं तेही परत एमडीबी करून टाका. एमडीबी आणि एसीसीडीबी ही आतून वेगळी बांधणी आहे. पहिली जुन्या जेट इंजिनची (इंजिन म्हणजे प्रोग्राममधला फाइल वाचणारा-लिहिणारा भाग), दुसरी अ‍ॅक्सेस 2007 सोबत आली. नाव बदलून बांधणी बदलत नाही.

आता निदान. 'उघडत नाही' या दोन शब्दांत निदान तीन वेगळी दुखणी लपलेली असतात: फाइल कुणीतरी धरून ठेवली आहे, तुमच्या अ‍ॅक्सेसला ती भाषा कळत नाही, किंवा फाइल खरोखर तुटली आहे. तिघांचं औषध वेगळं आहे, आणि पहिल्याला तिसऱ्याचं औषध दिलं की चांगली फाइल आजारी पडते.

पहिलं दुखणं तपासायला फोल्डरमध्ये त्याच नावाची एलडीबी फाइल आहे का बघा. एसीसीडीबी असती तर तिचं टोक एलएसीसीडीबी असतं. कुणीही डेटाबेस उघडला की ही छोटी फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. लाइट गेल्यावर ती तशीच मागे राहते. नोटपॅडमध्ये उघडली तर आत कॉम्प्युटरची नावं दिसतात आणि प्रत्येक नावापुढे बहुधा 'अ‍ॅडमिन' असतं. तिथे नाव आहे म्हणजे तो माणूस आत्ता आत आहेच असं समजू नका, बाहेर पडलेल्याचंही नाव तसंच राहतं. पण लाइट गेली तेव्हा कोण कोण आत होतं याचा चांगला अंदाज येतो. सगळे बाहेर आहेत याची खात्री करून, एलडीबीची प्रत ठेवून, ती पुसा आणि डेटाबेसची प्रत उघडून बघा. आणखी एक, ज्या फोल्डरमध्ये नवी फाइल बनवायची परवानगी नाही तिथे एलडीबी तयारच होत नाही आणि एका वेळी अनेकांना काम करता येत नाही. नवीन विंडोज टाकल्यावर हा घोळ खूप होतो. तुमच्या मेसेजवरून मात्र तुमचं दुखणं हे वाटत नाही.

दुसरं दुखणं भाषेचं. तुम्ही लिहिलंय की साहेबांच्या केबिनमध्ये दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेतला. त्यावर कुठलं ऑफिस आहे ते लिहिलं नाही, आणि इथेच परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. तुमची सिस्टीम जर अ‍ॅक्सेस 97 च्या काळातली असेल तर अ‍ॅक्सेस 2013 आणि त्यानंतरच्या आवृत्त्या ती उघडतच नाहीत. अशी फाइल पूर्ण ठणठणीत असते, फक्त 2003, 2007 किंवा 2010 असलेल्या मशीनवर नेऊन नव्या प्रकारात बदलून घ्यावी लागते. उलट बाजूने, नव्या अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेली फाइल जुन्या मशीनवर उघडली तर अगदी तुमचाच मेसेज येतो. म्हणून हे एक जरूर करा: प्रत तिन्ही मशीनवर एकेकदा उघडून बघा आणि कुठे काय मेसेज येतो ते कागदावर लिहा. एका मशीनवर उघडली तर फाइल तुटलेली नाही, आणि शनिवारचा पगार त्या मशीनवरून होतोय.

तिन्हीकडे एकच मेसेज आला तर तिसरं दुखणं. त्यासाठी माझी पहिली तपासणी फुकटची आहे. प्रत नोटपॅडमध्ये ओढून टाका. मोठी फाइल असेल तर वेळ लागेल, थांबा. सगळी अगम्य अक्षरं दिसतील, पण अगदी पहिल्या ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीत 'स्टँडर्ड जेट डीबी' हे शब्द वाचता आले पाहिजेत. एसीसीडीबी असेल तर 'स्टँडर्ड एसीई डीबी'. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा. ते शब्द दिसले तर मला धीर येतो, फाइलचं पहिलं पान, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, जिवंत आहे. सुरुवात अगम्य आणि खाली मात्र कामगारांची नावं, पेठांची नावं दिसतायत, तर फक्त पहिलं पान गेलंय आणि डेटा काढणाऱ्या टूलने बरंच हाती लागू शकतं. सगळंच अगम्य असेल, आणि फोल्डरमधल्या इतर फाइलींची टोकंही विचित्र झाली असतील, तर रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, शंका घ्या आणि ते मशीन ताबडतोब नेटवर्कवरून काढा. आणि फाइलचा आकार नेहमीइतकाच पण आत सगळं कोरं, एकही अक्षर नाही? ही सगळ्यात वाईट स्थिती. लाइट जाताना विंडोजने फाइलची जागा नोंदवली पण मजकूर डिस्कवर उतरलाच नाही, म्हणजे आत नुसती शून्यं आहेत. तिथे कुठलंही टूल काही परत आणत नाही. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जुन्या आवृत्त्या मिळतात का ते बघायचं, आणि बॅकअप शोधायचा.

आकारही बघाच. अ‍ॅक्सेसच्या फाइलला 2 जीबीची मर्यादा आहे. कामगारांचे फोटो आतच ठेवणाऱ्या एका सिस्टीमने ती गाठली होती, आणि त्या दिवशी लाइटही गेली नव्हती.

फाइल तुटते कशी, हे थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे उपाय नुसते मंत्र वाटतील. अ‍ॅक्सेसच्या फाइलीवर राखण करणारा कुणी नसतो. मोठ्या डेटाबेसमध्ये सर्व्हरवरचा एक प्रोग्राम सगळ्यांची कामं ऐकून घेतो आणि तो एकटाच लिहितो. इथे तुमच्या तिन्ही कॉम्प्युटरवरची तीन इंजिनं थेट त्या फाइलीत लिहितात, जणू एकाच वहीत तिघे जण एकदम. एमडीबीची वही, अ‍ॅक्सेस 2000 पासून पुढची, 4096 बाइटच्या पानांची आहे. एका उचलीची नोंद टाकली की तक्त्याचं पान बदलतं, अनुक्रमणिकेचं पान बदलतं, आणि शेऱ्याचा लांब मजकूर असेल तर तो तिसऱ्याच पानावर जातो. यातली दोन पानं लिहून झाली आणि तिसऱ्याच्या आधी लाइट गेली किंवा वायफाय तुटलं, की वही स्वतःशीच विसंगत. इंजिन पहिल्या पानावर प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावे एक खूण ठेवतं, तो लिहीत असताना ती बदलते. तो मध्येच गायब झाला तर खूण तशीच राहते आणि पुढच्या माणसाला फाइल संशयास्पद असल्याचा मेसेज येतो. तुमच्याकडे राउटरसुद्धा त्याच लाइटवर आहे. म्हणजे फाइलच्या मशीनला यूपीएस असता तरी बाकी दोघे मध्येच तुटलेच असते.

आता काढण्याचं काम. नोटपॅडमध्ये ते सुरुवातीचे शब्द दिसत असतील तर मी या क्रमाने जातो. अ‍ॅक्सेस उघडायचं पण कुठलीही फाइल उघडायची नाही. मग डेटाबेस टूल्समधून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर निवडलं की अ‍ॅक्सेस दोन गोष्टी विचारतं: कुठली फाइल घ्यायची आणि कुठल्या नावाने लिहायची. इथे प्रत दाखवा आणि नवं नाव द्या. निकाल वेगळ्या फाइलीत जातो.

तेही फसलं तर एक कोरा डेटाबेस बनवा आणि एक्सटर्नल डेटामधून तुटक्या प्रतीतले तक्ते इम्पोर्ट करा. सगळे एकदम निवडू नका, एकेक घ्या. एक तक्ता आजारी असला तरी बाकीचे सुखरूप येतात, आणि आजारी कोणता ते कळतं. क्रम कामाच्या महत्त्वाने लावा: आधी उचल, मग हजेरी आणि नग, मग कामगारांची यादी, सूत सगळ्यात शेवटी. सूत गोदामात जाऊन मोजता येतं.

आजारी तक्त्यासाठी दमाने घ्यायचं. समजा उचलीच्या तक्त्यात चाळीस हजार नोंदी आहेत आणि इम्पोर्ट मध्येच मरतं. कोऱ्या डेटाबेसमध्ये तो तक्ता लिंक करा, म्हणजे न आणता जागेवरूनच जोडा, आणि नोंद क्रमांक 1 ते 10,000 एवढ्याच उचलून नव्या तक्त्यात टाकणारी अपेंड क्वेरी चालवा. आल्या? पुढच्या दहा हजार. कुठेतरी अडेल. मग त्या दहा हजारांचे अर्धे, त्याचे अर्धे, असं करत जा. मागच्या वर्षी एका ठिकाणी असं करत करत मी एकाच नोंदीपाशी पोचलो. शेऱ्याच्या रकान्यात चिनी दिसणारी अक्षरं होती, त्या ओळीवर नुसता कर्सर नेला की अ‍ॅक्सेस बंद पडायचं. ती एक नोंद सोडली आणि बाकी सगळ्या आल्या. लांब मजकुराचे मेमो रकाने वगळून क्वेरी केली तरी बऱ्याचदा अडलेला तक्ता सुटतो. शेरा गेला तर गेला, आकडा वाचतो.

लिंकच होत नसेल तर दुसरं इंजिन वापरून बघायचं. लिनक्सवर एमडीबी टूल्स नावाचा मोफत संच आहे, तो मायक्रोसॉफ्टच्या इंजिनशिवाय फाइल वाचतो आणि तक्ते साध्या मजकुरात काढून देतो. अ‍ॅक्सेस ज्या पानावर हट्ट धरून बसतं ते तो कधी कधी ओलांडून जातो. त्यानंतर विकतची टूलं. त्यांच्या चाचणी आवृत्तीत आधी झलक बघा, तुमच्या उचलीच्या नोंदी तिथे वाचता आल्या तरच पैसे भरा. पण 'फाइल अपलोड करा, आम्ही दुरुस्त करून देतो' असं म्हणणाऱ्या वेबसाइटवर ही फाइल चढवू नका. त्यात तुमच्या कामगारांचे आधार नंबर आणि बँक खाती असणार. ती त्यांची आहेत, आपल्याला वाटायला दिलेली नाहीत.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते ती. फाइल उघडली म्हणजे काम झालं, असं मीही सुरुवातीच्या काळात धरून चालायचो. अशोक चौकाच्या पलीकडे एका कारखान्यात अशीच फाइल मी कॉम्पॅक्टने उघडून दिली होती. सगळे खूश. शनिवारी पगार वाटताना कांडी भरणाऱ्या एका मावशींनी पाकीट घेतलं, मोजलं आणि काही न बोलता पिशवीतून एक छोटी वही काढली. तेलुगूत लिहिलेली. त्यात प्रत्येक आठवड्याला फेडलेले दोनशे दोनशे रुपये, तारखेसकट. आमच्या स्क्रीनवर शेवटच्या तीन आठवड्यांचे हप्ते नव्हतेच. दुरुस्ती करताना इंजिनने जी पानं वाचता आली नाहीत ती टाकून दिली होती, आणि मी मोजलं नव्हतं. त्यांच्याकडे वही होती म्हणून त्यांचे सहाशे रुपये वाचले. बाकी किती जणांकडे वही नव्हती, हे शोधायला पुढचे चार दिवस मी तिथे जुने प्रिंट घेऊन बसलो होतो.

तेव्हापासून हे केल्याशिवाय मी फाइल परत देत नाही. दुरुस्त फाइलीत एमसिस कॉम्पॅक्ट एरर (MSysCompactError) नावाचा तक्ता तयार झालाय का ते बघतो. इंजिनने काय टाकून दिलं त्याची नोंद तिथे असते. सिस्टीमचे तक्ते लपलेले असतील तर आधी ते दाखवायची सेटिंग चालू करावी लागते. प्रत्येक तक्त्यातल्या नोंदी मोजून जुन्या बॅकअपशी ताडतो. उचलीची एकूण बाकी शेवटच्या छापील पगारपत्रकाशी रुपयापर्यंत जुळवतो. आणि प्रायमरी की, म्हणजे एकच नोंद दोनदा होऊ न देणारा क्रमांकाचा नियम, अजून जागेवर आहे का ते तपासतो. दुरुस्तीत ती कधी कधी निघून जाते, मग एकाच कामगाराची दोनदा नोंद व्हायला लागते आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

फाइल सावरली की ती एकच वही परत तशीच तिघांच्या हाती देऊ नका. प्रोग्राममधल्याच डेटाबेस स्प्लिटरने तिचे दोन भाग करा. तक्ते एका फाइलीत, ती एका जागी. फॉर्म आणि रिपोर्ट दुसऱ्या फाइलीत, आणि त्या फाइलीची वेगळी प्रत प्रत्येकाच्या मशीनवर. वायफाय सोडा, तिघांना केबल टाका. राउटर आणि स्विच यूपीएसवर घ्या, हे लोक विसरतात. फाइल ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून तिथून वापरू नका. फाइल ठेवलेलं मशीन विंडोज 10 चं असेल आणि लाइट न जाताही फाइल पुन्हा पुन्हा 'इनकन्सिस्टंट स्टेट' दाखवत असेल तर वेगळं कारण आहे. 2018 च्या 1803 या अपडेटनंतर शेअर केलेल्या फाइलींच्या बाबतीत हे सुरू झालं होतं, आणि फाइल शेअर करणाऱ्या मशीनवर लीजिंग (नेटवर्कवरच्या फाइलचा मजकूर तात्पुरता आपल्याकडे ठेवण्याची विंडोजची सोय) बंद करणं हा मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेला उपाय होता. ते रजिस्ट्रीचं, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगचं, काम आहे, जाणकाराकडून करून घ्या. आणि रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर तारखेच्या नावाने एक प्रत, आठवड्यातून एकदा त्यातली एखादी दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची.

शनिवारचं काय, तर फाइलच्या भरवशावर राहू नका. मुकादमाकडचं हजेरी रजिस्टर आणि नगांच्या चिठ्ठ्या आजच गोळा करा, चिठ्ठ्या संध्याकाळी फेकल्या जाण्याआधी. मागच्या आठवड्याच्या पगारपत्रकाचा आधीच छापलेला प्रिंट शोधून उचलीची बाकी तिथून घ्या आणि एक्सेलमध्ये एका आठवड्याचा पगार मांडा. या आठवड्यात उचलीचा हप्ता कापू नका, मालकांना तेवढं सांगा. हप्ता पुढच्या आठवड्यात कापता येईल. चुकून दोनदा कापला तर ते सांभाळणं अवघड जातं.

मला तीन गोष्टी कळवा: फाइलचा आकार किती आहे, नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत काय दिसलं, आणि तिन्ही मशीनवर कुठलं ऑफिस आहे. फाइल मात्र मला पाठवू नका, गरज पडली तर मी येऊन तिथेच बसेन.